पूजेच्या रांगेबाहेरची जोडी

मी चाकाच्या बुटांची जोडी बोलतेय. गोड गोड ऐकायचं असेल तर कुणाच्या चांदीच्या वाटीकडं जा. मी जमिनीला घासून जगलेली आहे. एका बुटाखाली चार चाकं, एकामागं एक, अशी आठ चाकं घेऊन मी फिरते आणि माणसांना खालून बघते. खालून माणूस काही फार मोठा दिसत नाही. नाकपुड्या तेवढ्या दिसतात.

माझा जन्म कुठल्या देशात झाला, मला ठाऊक नाही. डब्यात घातलं तेव्हा अंधार होता, डबा उघडला तेव्हा पिंपरीतलं दुकान होतं. दुकानदारानं मला काचेत मांडलं आणि येईल त्या आईबापाला सांगत सुटला, "पर्सनॅलिटी डेव्हलप होते, साहेब." अरे बाबा, मी बूट आहे. घोटा सांभाळते. पर्सनॅलिटी कुठं ठेवतात तेही मला माहीत नाही.

पहिलं घर मिळालं निगडीत, प्राधिकरणातल्या एका बंगल्यात. मालक जयदीप, वय वर्षं दहा. वाढत्या पायाला म्हणून मला दोन मापं मोठी घेतलेली. त्या पोराला आठवड्याचे वार कमी पडतील इतके क्लास. पोहणं झालं, गिटार झालं, बुद्धिबळ झालं, मग माझी पाळी. पोरगं पोर्चमध्ये आपटलं, रडलं. आईनं आधी व्हिडिओ पुरा केला आणि मग त्याला उचललं. तीन आठवड्यांत हौस फिटली. मग मी जिन्याखाली. शेजारी व्यायामाची सायकल, तिच्यावर टॉवेल वाळत घातलेले. घाम गाळायला आणलेली वस्तू टॉवेल वाळवते, असली ही घरं.

दोन वर्षं मी कोळ्यांची जाळी अंगावर घेऊन बसले. मग एक दिवस बाईंनी माझा फोटो काढून फोनवर विकायला टाकला आणि संध्याकाळी एक बाई स्कूटरवरून आली. अंगात कंपनीचा निळा शर्ट, डोक्याला स्कार्फ, खांद्याला डब्याची पिशवी. ही इंद्रायणी. चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला, पहिली शिफ्ट संपवून थेट आलेली.

"एकदम नवीन आहेत हो," बंगलेवाली म्हणाली, "दोनदाच घातलेत."

"दोनदाच? मग एवढी धूळ काय विकत आणून टाकली का, ताई?"

बंगलेवाली कसनुसं हसली. इंद्रायणीनं बोटानं माझं चाक फिरवलं. ते गरगर फिरलं. "फिरतंय. बास झालं," म्हणाली आणि मला डब्याच्या पिशवीत कोंबलं. मेथीच्या भाजीचा वास माझ्या अस्तराला तेव्हा लागला तो अजून गेला नाही. मी त्याबद्दल तक्रार केलेली नाही.

दुसरं घर चऱ्होलीला. इंद्रायणीची मुलगी सायली, तेरा वर्षांची, काटकुळी, गुडघ्यावर कायम खपली. निगडीच्या बागेत पोरं चाकांवर पळताना तिनं बघितली होती आणि तेव्हापासून आईच्या मागं धोशा लावला होता. मला बघून ती नाचली नाही. खाली बसली, नाड्या घट्ट ओढल्या आणि उभी राहिली. पडली. उभी राहिली. हे मला आवडलं. रडण्यात वेळ घालवणारी पोरं मी बघितलेली होती.

सराव कुठं? घराच्या मागं पूर्वी यांचं शेत होतं. आता तिथं बिल्डरची स्कीम. इमारतींचे नुसते खांब उभे, पण आतले रस्ते मात्र आधीच करून ठेवलेले, सिमेंटचे, लोण्यासारखे. माणसाला राहायला घर नाही आणि मोटारीला रस्ता तयार. तिथला वॉचमन पहिल्या दिवशी काठी आपटत आला.

"ए पोरी, निघ. ही प्रायव्हेट जागा हाय."

"माझ्या पणजीची वांगी व्हती इथं," सायली म्हणाली.

"मंग वांगी घेऊन जा की!"

पण मारायला काही धावला नाही. चार दिवसांनी खुर्ची वळवून आमच्याकडं तोंड करून बसायला लागला. दुसरा तमाशा होताच कुठं त्याला? सायलीनं रंगाच्या डब्याचं झाकण घेतलं, बांधकामावरच्या कसल्याशा बांबूची काठी केली आणि ते झाकण ढकलत ती त्या रस्त्यांवर वर्षभर पळाली. वळणं शिकली, उलटं पळायला शिकली, झटक्यात थांबायला शिकली. माझी चाकं झिजली. झिजायलाच असतात.

आता नानासाहेबांकडं येऊ. आल्याशिवाय इलाज नाही, चऱ्होलीत कुठंही निघालं तरी माणूस नानासाहेबांच्या बॅनरवर धडकतोच. सायलीचा बाप रणजीत, त्याचे हे चुलते. जमिनी विकून आलेला पैसा, त्यातून प्लॉटिंग, प्लॉटिंगमधून मान आणि मानातून निवडणुकीचे डोहाळे. त्या साली आपल्याकडं मुलांची इनलाइन हॉकी लीग निघाली. म्हणजे चाकाचे बूट घालून हॉकी. प्रत्येक बाजूला चार खेळाडू आणि एक गोलकीपर, आणि चेंडूच्या जागी काळी चपटी चकती. पिंपरीचा संघ, निगडीचा संघ, तळेगावचा संघ, मग चऱ्होली मागं कशी राहील? नानासाहेबांनी संघ घेतला. नाव ठेवलं 'चऱ्होली चित्ते'.

"गवतच न्हाई, मग ही हॉकी कसली?" असं त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं. असे आमचे संघमालक.

लीगचा एक नियम होता. सामन्याच्या वेळी संघात दोन मुली पूर्ण तयारीनिशी हजर पाहिजेत, नाहीतर संघ मैदानात उतरू शकत नाही. नानासाहेब ओसरीवर चहा पीत म्हणाले, "दोन पोरी लागत्यात म्हणं. आपली सायली हाय की. बसंल बाकावर. तिला कोण खेळायला सांगतंय?"

"व्हय नाना," रणजीत म्हणाला. हा माणूस नानांसमोर दुसरं वाक्य शिकलेला नाही.

सायली दारात उभी होती, मी तिच्या पायात. तिनं सगळं ऐकलं. घोटा माझ्या आत एकदम ताठ झाला. बाक तर बाक, असं तिनं ठरवलं असावं. बाकापासून मैदान चार हातांवर. कधीतरी कुणीतरी म्हणेल, उतर. एका खऱ्या सामन्यात, कठड्याच्या आत माझी चाकं टेकवायची, एवढंच त्या पोरीला हवं होतं.

बॅनर लागला. वर नानासाहेब, हात जोडून, दोन माणसं मावतील एवढे. मग त्यांचे भाऊ, मग भावांचे मित्र, मग ज्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत असे सोनसाखळ्यावाले चार. खाली मोहरीच्या दाण्यांएवढे खेळाडू. सायलीच्या तर कपाळातूनच बांधायची दोरी ओवलेली.

पहिला सामना निगडीच्या एका शाळेमागच्या रिंकवर होता, म्हणजे कठडा घातलेल्या गुळगुळीत फरशीच्या मैदानावर. रविवारची सकाळ, ऊन कडक. आठवडाभर आधी नानासाहेबांनी नवी मोटार घेतली होती आणि तिची साग्रसंगीत पूजा केली होती. त्यामुळं हात सवयीचे झालेले. "पोरांच्या बुटांनाबी चाकं हायती. पूजा झालीच पायजे," त्यांनी जाहीर केलं. सगळ्या खेळाडूंचे बूट सतरंजीवर ओळीनं मांडले. नवे कोरे, महागाचे, एकाहून एक झगझगीत. टोकाला सायलीनं मला ठेवलं.

नानासाहेबांनी पायाच्या बोटानं मला बाजूला सारलं. "हे जुनं चोपडं कशाला पूजेत? फोटो खराब व्हईल."

"जुने आहेत, पण मी यातच खेळते, नाना."

"तू खेळणार व्हय? बस जा तिकडं."

मी कडेला पडून सगळं बघितलं. पहिल्यांदा हळदकुंकू, मुठीमुठीनं. मग अक्षता. मग प्रत्येक जोडीला झेंडूची माळ, चाकांमधून ओवून. मग नारळ फोडला आणि रणजीतनं त्याचं पाणी चाकाचाकावर ओतलं. थेंब वाया जाऊ दिला नाही. मग पोरांना बूट घालायला लावले आणि प्रत्येकाच्या चाकाखाली लिंबू. "चला, चिरडा! जोरात!" पोरांनी लिंबं चिरडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

संघाचे प्रशिक्षक समर्थ सर हाताची घडी घालून उभे होते. चाकाच्या पोटात बारीक गोळ्या असतात, त्यांत पाणी आणि कचरा गेला की चाक मेलं, हे पोरांना रोज बजावणारा हाच माणूस. त्या दिवशी तोंडात मिठाची गुळणी. पगार कोण देतो याचं भान मात्र पक्कं.

पूजा झाली म्हणजे खेळ सुरू झाला असं वाटलं का तुम्हाला? अहो, पाहुणे यायचे होते. पाहुणे आले, मग शाली, मग नारळ, मग भाषणं. 'तरुण पिढीनं मोबाइल सोडून मैदानावर यावं' असं एक पाहुणा बोलला आणि मधेच त्याचा मोबाइल वाजला, तो त्यानं घेतला. तरुण पिढी तिकडं हेल्मेट घालून उन्हात शिजत होती. नारळाचं पाणी, लिंबाचा रस आणि कुंकू, सगळं चाकांवर वाळून डिंक झालं.

शिट्टी वाजली. चऱ्होलीचे चित्ते मैदानात उतरले आणि जागीच उभे राहिले. एकाची चाकं कर्र करून थांबली. दुसऱ्याच्या चाकांत झेंडूच्या माळेचा दोरा असा गुंडाळला गेला की पोरगं तोंडावर आपटलं. तिसऱ्याच्या चाकात तांदूळ अडकलेले. तळेगावची पोरं भोवती वाऱ्यासारखी फिरत होती आणि आमची पोरं चिखलात रुतल्यासारखी पाय उचलून टाकत होती.

"अरे पळा की रे!" नानासाहेब ओरडले. "खायाला घालत न्हाईत का घरी?"

बाकावर सायलीशेजारी अपेक्षा बसली होती, संघातली दुसरी मुलगी. चाकणकडच्या गावातली, बाप तिकडच्याच कारखान्यात. तिचे बूट पूजेत होते. तिनं चाकाला बोट लावून बघितलं आणि सायलीला म्हणाली, "माझे तर गेले गं. तुझे?"

सायलीनं माझं चाक फिरवलं. गरगर.

समर्थ सरांनी बाकाकडं बघितलं, नानासाहेबांकडं बघितलं, मग पुन्हा बाकाकडं. "सायली, उतर."

काय सांगू तुम्हाला. त्या गुळगुळीत फरशीवर मी पहिल्यांदा टेकले. वर्षभर सिमेंट खाल्लेली मी, फरशीवर तर तरंगायलाच लागले. सायलीनं चकती घेतली, एकाला डावीकडून चुकवलं, दुसऱ्याच्या पायांमधून चकती काढली, आणि तळेगावचा गोलकीपर तिला हसत असतानाच चकती जाळ्यात गेली. चऱ्होलीचा एकच गोल, तो तिचा. बाकी तिघं सोबत लंगडत होते, म्हणून सामना हरलो, आणि दणकून हरलो. पण पोरगी शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानात होती. हेल्मेट काढलं तेव्हा तिचे केस घामानं कपाळाला चिकटलेले होते आणि ती मोठ्यानं हसत होती. घरात तिला असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

आता माणसांची अक्कल बघा. नानासाहेब म्हणाले, "एवढी पूजा करून हरलो कसं?"

"नाना, सायलीचेच बूट तेवढे पूजेत नव्हते," कुणीतरी म्हणालं.

"आँ? मग म्हणूनच हरलो! एक जोड पूजेविना राहिला, देवाला कमी पडलं. पुढच्या रविवारी पहिला मान तिच्या बुटांना. दोन नारळ!"

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तोंड असतं तर मी तिथंच थुंकले असते.

आठवडाभर समर्थ सर रॉकेलच्या पातेल्यात पोरांची चाकं बुडवत बसले. "नानांना कुणी काही बोलू नका," असं वर पोरांना बजावत होते. चाकं साफ करणं सोपं, तोंड उघडणं अवघड. सायलीनं घरी आईला सांगितलं. इंद्रायणी भाकरी थापत होती. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुला खेळायचंय का?"

"हो."

"मग बूट तुझं हायती. मी येते रविवारी."

रविवार आला. सतरंजी, माळा, नारळ, लिंबं, सगळा संसार पुन्हा मांडला. नानासाहेबांनी हाक मारली, "सायले, आण तुझं बूट. मधोमध ठेव."

सायलीनं मला आधीच पायात घालून नाड्या आवळल्या होत्या. ती हलली नाही.

"न्हाई नाना."

"न्हाई म्हंजी?"

"चाकं अडकतात. मागल्या वेळी सगळ्यांची अडकली. मी नाही देणार."

रणजीत धावत आला. "अगं, मोठ्यांशी असं बोलत्यात का? काढ बूट! नाना, पोर हाय, चुकली."

"चुकली कसली? देवाला न्हाई म्हणती!" नानासाहेबांचा चेहरा कुंकवाच्या रंगाचा झाला. "मग बस बाहेर. पुन्यांदा या संघात पाय ठेवायचा न्हाई."

माझ्या आत तिच्या पायाची बोटं अस्तरात रुतली. मला सगळं कळतं, लोकांना वरून काही दिसत नाही. ती बाकावर जाऊन बसली. एक सामना, एक गोल आणि खेळ खलास, असं तिला वाटलं असणार. मलाही तेच वाटलं.

मग अपेक्षा उठली. सतरंजीवरच्या ओळीतून तिनं आपले बूट उचलले, माळ काढली, फुंकर मारून कुंकू उडवलं आणि येऊन सायलीच्या शेजारी बसली. "माझे पण नको, नाना."

पंच शिट्टी गळ्यात अडकवून आला. "चऱ्होली, दोन मुली कुठायत?"

"हायती की, ह्या काय बसल्यात," नानासाहेब म्हणाले.

"खेळणार का गं तुम्ही?"

"बुटांना हात नाही लावला तर खेळू," सायली म्हणाली.

पंचानं घड्याळ बघितलं. "लवकर ठरवा, साहेब. नाहीतर मी सामना समोरच्यांना देतो." तिकडं पाहुण्यांच्या खुर्च्या भरलेल्या, फोटोग्राफर उभा, बॅनर फडफडतोय. नानासाहेबांनी आजूबाजूला बघितलं. एवढी माणसं भोवती, पण 'व्हय नाना' म्हणायलाही कुणी पुढं येईना. रणजीतसुद्धा झेंडूच्या माळेशी चाळा करत बसला.

तेव्हा इंद्रायणी पुढं आली. ओव्हरटाइम सोडून आली होती, अंगात तोच निळा शर्ट. "नाना, एक विचारू?"

"आता तू काय सांगतीस, सूनबाई?"

"तुमच्या नव्या गाडीची पूजा केली, तवा नारळाचं पाणी इंजिनात ओतलं व्हतं का?"

"येडी का काय! इंजिनात कोण ओततं? बॉनेटवर शिंपडलं."

"मग पोरींच्या चाकांत का ओतताय?"

कुठंतरी मागं एक पोरगं फिस्सकन हसलं. मग दुसरं. नानासाहेबांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला, पुन्हा या हातात घेतला. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "मग हितं कठड्यावर फोडतो. कठड्याला तर चालंल?"

"कठड्याला फोडा, नाना," इंद्रायणी म्हणाली. "खोबरं पोरांना वाटा. उपाशी आल्यात सकाळधरनं."

नारळ कठड्यावर फुटला. पोरांनी खोबरं खाल्लं. दोन्ही पोरी मैदानात उतरल्या. सामना बरोबरीत सुटला, आणि चित्ते त्या दिवशी खरोखर पळाले.

दुसऱ्या दिवशी चौकात नवा बॅनर. नानासाहेब हॉकीची काठी उलटी धरून उभे आणि खाली लिहिलेलं, 'मुलींना संधी देणारे नेतृत्व'. मी सायलीच्या पायात त्या बॅनरखालून गेले. लाज नावाची वस्तू त्या दुकानात ठेवतच नाहीत.

त्यानंतर सायली प्रत्येक सामन्यात खेळली. पहिल्या चौघांत. कुणी आता तिला बाकावर बस म्हणत नाही.

आता माझं काय ते सांगते आणि गप्प बसते. माझ्या पुढच्या चाकांचं रबर संपत आलंय. डाव्या बुटाचं बक्कल तुटलंय, ते सायलीनं चिकटपट्टीनं गुंडाळून ठेवलंय. अस्तर फाटलंय. याचं मला काही वाटत नाही, पळून पळून फाटलेलं आहे, जिन्याखाली बसून नाही. पण पोरगी वाढतेय. गेल्या दोन महिन्यांत तिचा पाय माझ्यात मावेनासा झालाय. अंगठा दुमडून घालते. सामन्यानंतर मोजा काढते तेव्हा नखाच्या कडेला रक्त साकळलेलं असतं, ती ते बादलीच्या पाण्यात धुते आणि कुणाला बोलत नाही. बोलली तर नानासाहेब नवी जोडी आणतील, वाजतगाजत, आणि मग त्या जोडीवर हक्कही सांगतील, हे तिला कळतं. आईला बोलली तर आई आणखी ओव्हरटाइम घेईल, हेही तिला कळतं. म्हणून ती दात आवळून पळते. लोक वरून टाळ्या वाजवतात. रक्त मला दिसतं.

सायलीची आई, हे कुणी तुम्हाला वाचून दाखवत असेल तर ऐका. तुम्ही मला मेथीच्या पिशवीतून आणलंत, मला त्याचा अभिमान आहे, बाकी कशाचा नाही. आज शिफ्ट संपली की घरी जा आणि पोरीला मोजा काढायला लावा. ती नाही म्हणेल. तुमच्यासारखीच हट्टी आहे. तरी काढायला लावा, अंगठा बघा, आणि मग तिच्या मापाची जोडी आणा. जुनी आणा, वापरलेली आणा, पण तुम्ही आणा.

आणि मला टाकून द्या. मला तिचा पाय आता दुखवायचा नाही.